परदेशातून मासे मागवताना: बंद पिशवीतले छत्तीस तास

बँकॉकहून मुंबईला विमान साडेचार तासांच्या आसपास पोहोचते. त्याच विमानातून आलेला शोभेचा फायटर मासा (बेट्टा) मात्र पिशवीत तीस ते चाळीस तास असतो. फार्मवर पॅकिंग, मग विमानतळाच्या कार्गोत उड्डाणाच्या बरेच आधी पेटी जमा करणे, प्रवास, उतरल्यावर कस्टम्स आणि पशु संगरोध केंद्राची तपासणी, शेवटी आयातदाराचा टेम्पो. हिशेब धरायचा तो या सगळ्या वेळाचा. छत्तीस तास धरून चाला.

हौशी माणसाला वाटते की मासे प्रवासात मरतात. नीट पॅक केलेले, पोट रिकामे ठेवलेले मासे प्रवासात फार थोडे मरतात. जास्त मरतात ते पिशवी उघडल्यानंतरच्या तासात झालेल्या चुकांमुळे आणि पुढच्या दोन आठवड्यांत. कल्ले भाजलेला मासा लगेच मरत नाही, दोन-तीन दिवसांनी मरतो. तोवर चूक कुठे झाली हे विसरलेले असते आणि दोष विक्रेत्याला किंवा 'नाजूक जाती'ला दिला जातो. म्हणून या लेखात परवान्यांबद्दल आवश्यक तेवढेच आहे आणि पिशवीतल्या पाण्याबद्दल बरेच काही.

आधी रस्ता कायद्याचा

भारतात जिवंत मासे आणायला सॅनिटरी इम्पोर्ट परमिट लागते. त्याचे मूळ १८९८ च्या पशुधन आयात कायद्यात आहे. हे परमिट माल निघण्याआधी हातात हवे. पेटी विमानतळावर आल्यावर धावपळ करून ते मिळत नाही. सोबत निर्यातदार देशाच्या सरकारी पशुवैद्यकीय किंवा मत्स्य विभागाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि आल्यावर मासे संगरोधात, म्हणजे क्वारंटाइनमध्ये ठेवावे लागतात. दहा फायटर हवे असलेल्या एकट्या माणसाला हे सगळे उभे करणे परवडत नाही. त्यामुळे व्यवहार्य वाट एकच: परवाना आणि क्वारंटाइनची मान्य जागा असलेला आयातदार गाठायचा, त्याच्या पुढच्या मालात आपली मागणी घालायची, आणि शक्य तर चार-पाच जणांनी मिळून पेटी भरायची. या धंद्यात अशा मधल्या माणसाला ट्रान्सशिपर म्हणतात. विक्रेत्याला पैसे देण्याआधी त्याच्याशी बोलून घ्या. उलट क्रमाने गेलात तर मासा बँकॉकमध्ये तुमचा आणि इथे कोणाचाच नाही, अशी अवस्था होते.

टपालाने मासे मागवायचे नसतात. आंतरराष्ट्रीय टपालात मधमाश्या, जळवा, रेशमाचे किडे असे मोजके जीव सोडले तर जिवंत प्राणी पाठवायला बंदी आहे. प्रवासी बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेल्या पिशव्यांचेही तेच. परमिट नसेल तर त्या जप्त होतात, आणि जप्तीनंतर त्या माशांचे काय होत असेल याचा विचार आणणाऱ्याने आधी करावा.

काही जातींना वेगळा कायदा लागतो. एशियन अरोवाना साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट १ मध्ये, सगळ्यात कडक यादीत आहे. त्यामुळे साइट्सकडे नोंदलेल्या फार्मवर वाढवलेला, अंगात मायक्रोचिप असलेला आणि त्या चिपचा क्रमांक प्रमाणपत्रावर असलेला मासाच कायदेशीर. सगळे समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ परिशिष्ट २ मध्ये आहेत, झेब्रा प्लेको आणि ब्राझीलचे काही गोड्या पाण्यातले पाकट मासेही २०२३ पासून त्याच यादीत आहेत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्या अनुसूची ४ मध्ये साइट्सच्या जाती आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी पाळणाऱ्याने पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. दुकानदाराने दिलेली पावती म्हणजे ही नोंदणी नव्हे.

हा कडकपणा उगाच नाही. टँक साफ करायला आणलेला सकर मासा आज आंध्र प्रदेशातल्या आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागातल्या मच्छीमारांची जाळी फाडतो. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात आणि भोपाळच्या तलावात अमेरिकेतला अॅलिगेटर गार सापडला. तो तिथे पोहत आलेला नाही. कोणीतरी वाढलेला मासा टँकमध्ये मावेना म्हणून सोडून दिला.

पैशाचा हिशेब

हवाई मालाचे भाडे वजनावर असते, पण माशांच्या पेटीत वजनापेक्षा जागा जास्त जाते. म्हणून आकारमानाचे वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचे. ६० × ४५ × ४० ची पेटी म्हणजे १८ किलो. काट्यावर ती १४ किलो भरली तरी भाडे १८ चे. अर्धी रिकामी पेटी म्हणूनच सगळ्यात महाग पडते.

सीमाशुल्क माशाच्या किमतीवर, भाड्यावर आणि विम्यावर मिळून लागते. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. हवाई मार्गाने आलेल्या मालाचे भाडे कितीही झाले तरी शुल्कासाठी ते मालाच्या किमतीच्या जास्तीत जास्त २० टक्केच धरतात. समजा मासे, निर्यातदाराच्या विमानतळावर पोचवून, २०,००० रुपयांचे आहेत आणि भाडे १५,००० झाले. शुल्कासाठी भाडे धरले जाईल ४,०००. विम्याची पावती नसेल तर १.१२५ टक्के, म्हणजे २२५ रुपये. शुल्क २४,२२५ वर. आयातदाराने पूर्ण ३५,००० वर शुल्क लावून तुमच्याकडून पैसे घेतले असतील, तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे भरलेला आयातीचा कागद, दाखवायला सांगा.

क्लिअरिंग एजंटची फी, विमानतळाचे हाताळणी शुल्क, प्रमाणपत्रांचा खर्च हे एका पेटीला जेवढे लागतात, जवळपास तेवढेच पाच पेट्यांना. मिळून मागवण्यातला खरा फायदा इथे आहे.

पेटीत काय असते

चांगला निर्यातदार मासे २४ ते ४८ तास उपाशी ठेवतो. मोठ्या मांसाहारी माशांना त्याहून जास्त. पोटात अन्न असेल तर ते पिशवीत विष्ठा म्हणून बाहेर येते. दुहेरी प्लास्टिक पिशवी, तळाचे कोपरे गाठ मारून किंवा चिकटपट्टीने गोल केलेले, कारण टोकदार कोपऱ्यात छोटा मासा अडकतो आणि तिथेच चिरडतो. एक भाग पाणी, दोन ते तीन भाग शुद्ध ऑक्सिजन. दोन पिशव्यांमध्ये वर्तमानपत्र, म्हणजे काटेरी मासा टोचला तरी बाहेरची पिशवी वाचते आणि भांडणारे मासे एकमेकांना दिसत नाहीत. हे सगळे थर्माकोलच्या पेटीत, पेटी पुठ्ठ्याच्या खोक्यात.

फायटरचे वेगळे. तो वरची हवा थेट घेतो, म्हणून हाताच्या तळव्याएवढ्या पिशवीत जेमतेम १०० मिली पाण्यात, साध्या हवेवर तो येतो. थायलंडमधल्या नाखोन पाथोमकडच्या फार्मांवरून असेच मासे जगभर जातात. थायलंडने २०१९ मध्ये फायटरला राष्ट्रीय जलचर ठरवले, इतका हा धंदा तिथे मुरलेला आहे.

श्वास घेणारी पिशवी म्हणून एक प्रकार मिळतो. तिच्या प्लास्टिकमधून वायू आत-बाहेर जातात, म्हणून तिच्यात हवा न ठेवता काठोकाठ पाणी भरतात. ती टँकमध्ये तरंगत ठेवायची नाही. पाण्यात बुडाली की तिचा श्वास बंद.

मागणी देताना निर्यातदाराला तीन आकडे विचारा: फार्मच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल), टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) आणि पॅकिंगच्या वेळचे तापमान. उत्तर देणारा विक्रेता बहुधा बाकीचेही नीट करतो.

महाराष्ट्रात एप्रिल-मे टाळा. कार्गोच्या उन्हातल्या धक्क्यावर दीड तास उभी राहिलेली पेटी आतून ३५ अंशांवर जाऊ शकते. साधारण १० अंश वाढले की माशाच्या शरीराचा वेग दुपटीच्या आसपास जातो: ऑक्सिजन दुप्पट, घाण दुप्पट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ. आयातदाराकडून पुढे नागपूर-नाशिककडे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल येणार असेल, तर डिसेंबरात हीट पॅक, म्हणजे ऊब देणारी पुडी, लागेल. हीट पॅकला जळायला हवा लागते, म्हणून पेटीच्या झाकणाला भोक हवे आणि पॅक झाकणाला आतून चिकटवलेला हवा. पिशवीला टेकला तर त्या बाजूचे मासे शिजतात.

पिशवीतल्या पाण्याचे काय होते

पहिला समज असा की ऑक्सिजन संपतो. हिशेब करून बघू. एक लिटर शुद्ध ऑक्सिजन वायूत सुमारे १,३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. पिशवीत तीन लिटर म्हणजे ३,९०० मिलिग्रॅम. दोन-दोन ग्रॅमचे वीस मासे मिळून तासाला १२ मिलिग्रॅमच्या आसपास वापरतात असे धरले, तर चाळीस तासांत ४८० मिलिग्रॅम. म्हणजे साठा गरजेच्या आठपट. पिशवी फुटली नाही तर ऑक्सिजनची चिंता नाही.

चिंता आहे माशाने बाहेर टाकलेल्या दोन गोष्टींची. कल्ल्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि कल्ल्यांतूनच अमोनिया. उपाशी मासाही अमोनिया टाकतो, कारण शरीराची झीज चालूच असते.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल बनते. पिशवी बंद, वायू कुठे जाणार? पाण्याचा पीएच तासागणिक खाली येतो. ७.५ ने सुरू झालेले पाणी शेवटी ६.५ वर किंवा त्याखाली उतरते. ऐकायला वाईट वाटते, पण याच घसरणीने मासे वाचतात.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया: तो कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सरळ आत शिरतो आणि विषारी आहे. दुसरा अमोनियम: त्याला विद्युतभार असतो, तो सहज आत शिरत नाही, त्यामुळे बराच निरुपद्रवी. कुठल्या वेळी कोणता किती, हे मुख्यतः पीएच ठरवतो. २५ अंशांवर पीएच ६.५ असेल तर एकूण अमोनियापैकी मुक्त भाग जेमतेम ०.१८ टक्के. पीएच ७ ला ०.५७ टक्के, ७.५ ला १.८, आणि ८ ला ५.४ टक्के.

आता समजा छत्तीस तासांनंतर पिशवीत एकूण अमोनिया लिटरला ८ मिलिग्रॅम झाला आहे. घरच्या टँकमध्ये किटने एवढा दिसला तर घाबरायला होईल. पण पीएच ६.५ असल्याने मुक्त अमोनिया आहे ०.०१४ मिलिग्रॅम. मासा दमलेला आहे, पण जळत नाही. ०.०५ च्या वर गेले की कल्ल्यांना इजा सुरू होते. अजून आपण त्या रेषेखाली आहोत.

मग आपण पिशवी उघडतो. सोड्याची बाटली उघडल्यावर होते तेच होते: साठलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो. पीएच चढू लागतो. पिशवीत हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावलेला, बुडबुडे सोडणारा) सोडला तर आणखी वेगाने चढतो. नळीने टँकचे ८ पीएचचे पाणी थेंब थेंब सोडले तर त्याहून. त्याच ८ मिलिग्रॅममधला मुक्त भाग ०.४३ कडे जाऊ लागतो. वरच्या ०.०१४ च्या तीसपट. नवे पाणी मिसळल्याने एकूण अमोनिया थोडा पातळ होतो हे खरे, पण पाणी दुप्पट करून विष निम्मे होते आणि पीएच त्याला दसपटींनी वाढवतो. या तुलनेत पातळ होण्याला अर्थ राहत नाही.

थेंब पद्धत, ठिबक पद्धत म्हणून जे शिकवले जाते, ते स्थानिक दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशासाठी ठीक आहे. त्या पिशवीत अमोनिया साठलेलाच नसतो. दीड दिवस बंद असलेल्या पिशवीला तीच पद्धत लावणे म्हणजे माशाला त्याच्याच विषात पाऊण तास उभे करणे. माणूस अत्यंत प्रेमाने, घड्याळ लावून, थेंब मोजत हे करतो आणि तेवढ्यात कल्ले जळतात.

उघडण्याचा तास

म्हणून तयारी पाण्याची, आणि ती दोन दिवस आधी. ज्या टँकमध्ये मासा उतरणार आहे त्याचे पाणी पिशवीतल्या पाण्याशी जुळते करायचे. पिशवीतले पाणी टँकशी जुळवत बसायचे नाही. विक्रेत्याने टीडीएस १२० सांगितला असेल तर टँक १०० ते २०० च्या मधे ठेवा. टीडीएस पेन म्हणजे आरओ दुरुस्त करायला येणाऱ्याच्या हातात असते तेच. मुंबईचे तलावांचे पाणी मऊ असते, तिथे फार काही करावे लागत नाही. बोअरचे ६००-८०० टीडीएसचे पाणी असेल तर आरओचे पाणी मिसळा. पीएच ६.८ ते ७.२ पुरे. तो खाली आणायला आम्लाची बाटली वापरू नका; कडक पाण्यात आम्ल घातले की रात्रीत पीएच परत वर येतो आणि माशाला दोनदा धक्का बसतो. रस्त्याकडेच्या देशी बदामाची गळून वाळलेली, तपकिरी पाने धुऊन टाका, ५० लिटरला दोन-तीन. थाई फार्मवाले फायटरला हीच पाने वापरतात.

नळाचे पाणी असेल तर क्लोरीन काढा. अँटी-क्लोरीनचे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट; क्लोरीनच्या सातपट वजन लागते. १०० लिटर पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर ०.७ ग्रॅम खडे. काही दुकानांत याला 'हायपो' म्हणतात. सोडियम हायपोक्लोराइट हे मात्र ब्लीच आहे, अगदी उलट वस्तू. बाटलीवरचे नाव पूर्ण वाचा.

पेटी अंधाऱ्या खोलीत उघडा. छत्तीस तास काळोखात असलेल्या माशावर ट्यूबलाइटचा झोत पडला की तो पिशवीत आपटतो. पिशव्या न उघडता, वरून मेलेले मासे शोधा आणि बंद पिशवीचाच फोटो काढा. बहुतेक विक्रेते नुकसानभरपाईसाठी बंद पिशवीचाच फोटो मागतात. आडवे पडलेले पण कल्ले हलवणारे मासे मेलेले नाहीत. जास्त कार्बन डायऑक्साइडने गुंगी येते, ताज्या पाण्यात बरेचसे उठतात.

बंद पिशव्या टँकमध्ये पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्या, तापमान जुळेल. पिशवी २२ अंशांवर आणि टँक २८ वर असेल तर टँकच २४ पर्यंत उतरवून ठेवलेला बरा, मग दिवसभरात हळूहळू चढवा.

यानंतर एका वेळी एकच पिशवी. कात्रीने कापायची, पाण्यासकट मासे बादलीवर धरलेल्या मऊ जाळीत ओतायचे, आणि लगेच टँकमध्ये. सगळे दोन मिनिटांत. प्लेको, कोरीडोरास यांचे काटे जाळीत अडकतात, त्यांना वाटीने उचला. पिशवीचे पाणी टँकमध्ये एक घोटही जाऊ नये. सगळ्या पिशव्या आधी कापून ओळीने ठेवायची सवय असेल तर ती मोडा. शेवटच्या पिशवीची पाळी येईपर्यंत तिचा पीएच चढलेला असतो.

कोळंबीसारखे बिनकण्याचे जीव टीडीएसच्या बदलाला फार हळवे असतात. त्यांच्यासाठी पाणी आधीच अगदी जवळचे करा आणि थोडी ठिबक द्या. समुद्री मासे बऱ्याचदा कमी खारट पाण्यात, १.०१८-१.०२० घनतेला पॅक होतात. क्वारंटाइन टँक त्याच घनतेवर ठेवा आणि पुढे दिवसाला ०.००१ ते ०.००२ ने वाढवा. कमी खारटात उतरणे त्यांना सोसते, एकदम जास्त खारटात जाणे सोसत नाही.

पहिला दिवस खायला काही नाही. दिवा बंद. दुसऱ्या दिवशी चिमूटभर.

चार आठवडे वेगळे घर

आयातदाराकडचे क्वारंटाइन झाले म्हणून घरचे टळत नाही. तिथे एका हॉलमध्ये दहा देशांचे मासे शेजारी असतात. घरी ६० लिटरचा, तळ मोकळा ठेवलेला काचेचा टँक, स्पंज फिल्टर, हीटर, झाकण आणि लपायला पीव्हीसीचे दोन-तीन एल्बो. वाळू नको, झाडे नकोत. औषध वाळूत मुरते आणि घाण दिसत नाही. जाळी आणि नळी या टँकचीच, वेगळी.

स्पंज नवा कोरा टाकलात तर दुसऱ्या आठवड्यात फसाल. अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजवर वसायला तीन-चार आठवडे लागतात. आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते. कल्ले चॉकलेटी दिसतात, मासा फिल्टरच्या बुडबुड्यांशी जाऊन धापा टाकतो. मासे येण्याच्या महिनाभर आधी तो स्पंज चालू टँकमध्ये टाकून ठेवा. तरीही लिटरला १ ग्रॅम जाडे मीठ घालून ठेवलेले बरे. मिठातला क्लोराइड कल्ल्यांत नायट्राइटची वाट अडवतो.

आता रोग. पहिल्या पंधरवड्यात पांढरे काहीतरी दिसते आणि माणूस तापमान वाढवतो. थांबा, आधी नीट बघा. रव्याचे कण शिंपडल्यासारखे सुटे, गोल, सारख्या आकाराचे ठिपके असतील तर ते पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, इक. अंगावर असताना त्याच्यावर औषध चालत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे फुटून शेकडो पिल्ले पोहत निघतात, औषध चालते ते त्यांच्यावर. म्हणून तीन दिवसांनी ठिपके गेले तरी उपचार थांबवायचा नाही. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी आठवडाभर. तापमान ३० अंश केले तर हे चक्र भराभर फिरते आणि औषध लवकर लागू पडते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, हवेचा पंप वाढवा.

पण पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिकट पट्टा असेल, किंवा तोंडाभोवती कापसासारखे काही आणि कडेला पिवळट झाक असेल, तर तो कॉलम्नारिस जिवाणू. तो उष्णतेत फोफावतो. त्याला ३० अंश दिले की एका रात्रीत टँक रिकामा होऊ शकतो. इथे तापमान २४ पर्यंत उतरवायचे, मासे कमी करायचे, पाणी बदलायचे. चार जणांनी सांगितलेला 'हीटर वाढव' हा सल्ला इथे जीव घेतो.

एकच कल्ला बंद ठेवून पोहणारा, काचेला अंग घासणारा मासा असेल तर कल्ल्यांतल्या चपट्या किड्यांचा संशय घ्या. प्राझिक्वांटेल लिटरला २.५ मिलिग्रॅम, ६० लिटरला १५० मिलिग्रॅम. ते पाण्यात सहज विरघळत नाही, झाकणाच्या बाटलीत कोमट पाण्यात खूप हलवा. अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा. गप्पी, फायटर, डिस्कस यांच्या गुदद्वारातून लाल दोऱ्याची टोके डोकावत असतील, मासा पुढे सरकला की आत ओढली जात असतील, तर तो कॅमेलॅनस, आतड्यातला किडा. लेव्हामिसोल लिटरला २ मिलिग्रॅम, ६० लिटरला १२०, दिवा बंद ठेवून चोवीस तास. मग तळ नळीने ओढून निम्म्याहून जास्त पाणी बदला, कारण किडे मरत नाहीत, सुन्न होऊन पडतात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. दोन्ही औषधांसाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सोनाराचा छोटा काटा घ्या. अंदाजाने चिमूट टाकू नका.

'सुरक्षिततेसाठी' अँटिबायोटिक पहिल्याच दिवशी टाकायची पद्धत वाईट आहे. फिल्टरचे जिवाणू मरतात आणि उरलेले रोगजंतू औषधाला सरावतात.

पिशव्यांचे पाणी नाल्यात, झाडांना किंवा विहिरीजवळ ओतू नका. कोई या शोभेच्या कार्प माशांचा हर्पिस विषाणू किंवा अल्सर रोगाची बुरशी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यातून ओढ्यात जाते. १९८८ मध्ये अल्सर रोग भारतात शिरला तेव्हा नद्या-तळ्यांतले मरळ आणि पुंटी मासे अंगाला भोके पडून मेले. बादलीत १० लिटर पाणी असेल तर त्यात ७ ग्रॅम ब्लीचिंग पावडर ढवळा, तासभर ठेवा, जाळीही त्यातच बुडवा, मग शौचालयात सोडा. पिशव्या कापून कचऱ्यात.

कोई किंवा गोल्डफिश मागवले असतील तर शेवटच्या टप्प्यात एक गोष्ट आणखी करा. कोई हर्पिस विषाणू पाणी १६ ते २८ अंशांमध्ये असतानाच रोग म्हणून उठतो. त्याहून थंड किंवा गरम पाण्यात मासा धडधाकट दिसतो आणि विषाणू अंगात घेऊन फिरतो. गोल्डफिश तर स्वतः आजारी न पडताही तो वाहून आणू शकतो. म्हणून क्वारंटाइन टँक २४ अंशांवर ठेवा आणि तुमच्या तळ्यातला एक साधा कोई त्यात तीन आठवडे सोबतीला सोडा. त्याचे डोळे आत गेले, कल्ल्यांवर पांढरे चट्टे आले किंवा तो मेला, तर नवे मासे तळ्यात सोडायचे नाहीत. मेलेला मासा गोठवू नका, बर्फावर ठेवून चोवीस तासांच्या आत जवळच्या मत्स्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत न्या. तो जगला, खातो आहे, कल्ले लाल आहेत, तरच जाळी तळ्यावर घ्या.